नीटची पुन्हा तयारी करणाऱ्या भाचीसाठी सल्ला हवा आहे

रानजाई:
माझी भाची बारावीनंतर एक वर्ष थांबून लातूरला वसतिगृहात राहते आणि नीटची तयारी करते. दर रविवारी सराव परीक्षा होते, संध्याकाळी क्रमवारीची यादी लागते आणि त्या यादीतल्या जागेवर तिचा पुढचा आठवडा कसा जाणार, हे ठरते. जीवशास्त्र चांगले असूनही फिजिक्समुळे एकूण गुण साडेचारशेच्या आसपास अडकले आहेत. रात्री उशिरापर्यंत जागायचे, सकाळी मेसचा नाश्ता चुकवायचा आणि पुस्तक उघडले की काहीच डोक्यात शिरत नाही म्हणून रडायचे, असे सध्या चालले आहे. धीर देणारी भाषणे घरातल्या सगळ्यांनी करून पाहिली, त्यांचा असर दोन दिवसही टिकत नाही. ज्यांच्या घरातून हे वर्ष पार पडले आहे, त्यांनी काही ठोस सुचवावे, ही विनंती.

खडूफळा:
मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे गुणांपासूनच सुरुवात करतो. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक असल्यामुळे, येत असलेला प्रश्न घाईत चुकला की थेट पाच गुणांचा फरक पडतो. तिने यादी बाजूला ठेवून सोमवारी सकाळी फिजिक्सचे पंचेचाळीस प्रश्न पुन्हा काढावेत आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: संकल्पनाच कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की येत नसताना ठोकताळ्याने गोल काळा केला. पुन्हा बसणाऱ्या मुलांचे बरेच गुण शेवटच्या प्रकारात जातात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि ते वाचवायला नवे एक पानही वाचावे लागत नाही. रोटेशनच्या धड्यात अडकून पडण्यापेक्षा सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी आणि मॉडर्न फिजिक्स आधी पक्के करावे. आपले गुण नेमके कुठे सांडतात हे कळले की मुलांना जो हुरूप येतो, तो भाषणांनी येत नाही.

पाणवठा:
सरांशी सहमत आहे, फक्त यादी पाहूच नये हे वसतिगृहात जमत नाही, कारण शेजारच्या खोलीतली मुलगी येऊन क्रमांक सांगतेच. मी स्वतः वर्षभर थांबून परीक्षा दिली होती आणि मला खरा फायदा वेळापत्रक फिरवल्याने झाला. नीट दुपारी दोन ते पाच या वेळेत असते, आणि रात्री जागणारी मुले नेमकी त्याच वेळी जेवून पेंगत असतात. तिने अकरापर्यंत झोपावे, दुपारचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे, आणि दोन ते पाच ही वेळ रोज प्रश्न सोडवण्यासाठीच राखावी, तेही काळ्या बॉलपेनने ओएमआर, म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका, भरून. पाठांतर सकाळी करावे. रविवारी पेपर झाल्यावर मात्र संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवावी. त्या वेळी वाचलेले माझ्या तरी कधी लक्षात राहिले नाही.

सुमनमावशी:
फोनवर गुण विचारणे घरच्यांनी आधी बंद करावे. याच परीक्षेच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि आपल्या राज्यात पशुवैद्यकाचेही प्रवेश होतात, हे तिच्याशी आताच मोकळेपणाने बोलावे, कारण पुढे एकच दार आहे असे वाटले की मुले गोठून जातात. आणखी एक गोष्ट: झोप, भूक आणि रडणे यांत दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर तो अभ्यासाचा प्रश्न मानू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. तिने कधी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर दोन आठवडे थांबू नये, कोणीतरी त्याच दिवशी लातूर गाठावे.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. तशी भाषा तिने केलेली नाही, तरीही ताई या शनिवारी तिच्याकडे राहायला जात आहे. सर, आधीच्या सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका तिच्याकडे आहेत. चुकांची कारणे त्या सगळ्यांत शोधावीत, की येत्या रविवारपासून सुरुवात केली तरी चालेल?

खडूफळा:
मागच्या दोन पुरेशा आहेत. जुने सगळे उकरत बसल्यास पुढचा रविवार हातचा जाईल.