मदत हवी आहे: रस्त्यात सायकल पंक्चर झाली तर जागच्या जागी काय करता?

भरीतप्रेमी
राम राम मंडळी. जळगावला राहतो, मागच्या दिवाळीत गिअरची सायकल घेतली. त्याआधी चालवली ती शाळेत असताना वडिलांची काळी बावीस इंची, तेव्हा पंक्चर झालं की ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची आणि काकांच्या हवाली करायची, आपला हात काळा व्हायचा प्रश्नच नाही. आता रविवारी लांब जातो तर तिथे ना कोपरा ना काका.

झालं असं की परवा पहाटे उनपदेवला निघालो. विदगावचा पूल ओलांडला, धानोरा गेलं आणि त्याच्या पुढे मागचं चाक बसलं. किट होतं जवळ. ट्यूब काढली, भोक सापडेना, बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून ओतून शेवटी बुडबुडे दिसले, घासलं, सोल्युशन लावलं, लगेच पॅच दाबला, हवा भरली, निघालो. चारेक किलोमीटरवर परत फुस्स. बघतो तर पॅचची एक कड उचललेली. दुसरा लावायला गेलो तर तेवढ्यात सोल्युशनच्या ट्यूबमधलं उरलंसुरलं संपलं, पाणी आधीच संपलेलं, ऊन डोक्यावर. एका केळीच्या टेम्पोवाल्याने अडावदपर्यंत सोडलं, तिथले दुकानवाले भाऊ वॉल बघून म्हणाले हा आपल्या पंपाला बसत नाही भो. शेवटी दुसऱ्या टेम्पोने घरी. महिन्यातलं हे दुसरं पंक्चर, मागच्या वेळी तर ममुराबादजवळच झालं होतं, तेव्हा दुकानात नवी ट्यूबच टाकून घेतली होती.

तर पाण्याशिवाय भोक कसं शोधायचं, पॅच का निघतो, आणि जवळचं सगळंच संपलं तर निदान गावापर्यंत कसं पोचायचं? ते ट्यूबमध्ये टाकायचं लिक्विड मिळतं ते टाकू का?

तापीकाठ
सोल्युशन लावून "लगेच" पॅच दाबला, तिथेच चुकलं. ते डिंकासारखं ओलं असताना चिकटवायचं नसतं. पॅचपेक्षा मोठ्या गोलात पातळ थर द्यायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं, वरची चमक गेली आणि बोटाला तार सुटेना की मग पॅच, आणि मग जोर लावून कडा दाबायच्या, दगडावर ठेवून टायर लिव्हरच्या पाठीने घासलं तरी चालतं. ट्यूबवर साच्याची बारीक उभी रेघ असते ती पॅचखाली येत असेल तर घासपेपरने सपाट करा, हवा हमखास तिथूनच निसटते. आणि सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की झाकण कितीही घट्ट लावा, काही महिन्यांत आत सुकते, त्यामुळे न फोडलेली एक कायम सोबत ठेवा. बिनसोल्युशनचे स्टिकरसारखे पॅच घरी पोचण्यापुरते बरे, आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांच्यावर भरवसा नाही.

भोक शोधायला पाणी कशाला? ट्यूब नेहमीपेक्षा जाड फुगेपर्यंत हवा भरा आणि ओठाजवळून फिरवा. ओठाला बारीक झुळूकही कळते. तरी नाही कळलं तर थुंकी आहेच.

सातपुडा_सायकल
रस्त्यात पॅच मारूच नका हो. एक स्पेअर ट्यूब ठेवा, दहा मिनिटांत बदला, फुटकी घरी आणून पंख्याखाली बसून निवांत पॅच करा. आणि तुमचा वॉल बारीक, वर छोटा नट असलेला आहे ना? त्याला प्रेस्टा म्हणतात. त्यावर बसणारं पितळी अडॅप्टर मिळतं, नखाएवढं असतं, ते लावलं की मोटरसायकलचा कुठलाही पंप चालतो. मी वॉलवरच कायम लावून ठेवलंय. फक्त कॉम्प्रेसरवाल्याला सांगा थोडी थोडी सोड, नाहीतर बारीक टायर एका दमात फाडतो तो.

बावीस_इंची
काय भो, इतलं टेन्शन काय लेस! आमच्या वेळी धुळ्याहून शिरपूरला असंच जायचो. निम्मी पंक्चरं पंक्चर नसायचीच, वॉलट्यूब, म्हणजे वॉलवरची बारीक रबरी नळी, चिरलेली असायची, चार आण्याची नवी घातली की झालं. तुमच्या सायकलीला ती भानगड नाही म्हणा.

सगळं संपलं तर दोन उपाय, दोन्ही मी केलेत. एक, भोक असलेल्या जागी ट्यूब दुमडून करकचून गाठ मारायची, मग हवा भरायची. ट्यूब आखूड होते, टायरमध्ये ओढूनताणून बसवावी लागते आणि चाक दर फेऱ्याला उडी मारतं, पण जातं. दुसरा, ट्यूब काढून टायरमध्ये गवत कोंबायचं. तुमच्या त्या रस्त्याला तर केळीची वाळलेली पानं हवी तेवढी. पण कोंबायचं म्हणजे गच्च, अंगठे दुखेपर्यंत, भुसभुशीत राहिलं तर रिम वाकते. उतारावर सरळ उतरून चालायचं. टायरच चिरला असेल तर आतून दहाची नोट घडी करून लावतात, मी वेफर्सचं पाकीट लावलेलं.

सातपुडा_सायकल
@भरीतप्रेमी एक राहिलं. ममुराबादवाली जुनी ट्यूब आहे का अजून? दोन्हींचे वॉल जुळवून शेजारी धरा आणि भोकं बघा. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, असतील तर हवा कमी ठेवून खड्ड्यात आपटलीय. रिमच्या बाजूने असेल तर रिमटेप सरकली असेल, स्पोकचं टोक लागत असेल. पण दोन्हींत एकाच जागी, बाहेरच्या बाजूने असेल तर काटा अजून टायरमध्येच आहे. दुकानात ट्यूब बदलताना टायरची एकच बाजू काढतात, टायर जागचा हलत नाही, म्हणून नव्या ट्यूबला त्याच ठिकाणी टोचतो. आपल्याकडे बांधावर टाकायला वेड्या बाभळीच्या काट्या ट्रॅक्टरमधून नेतात, त्या वाटभर सांडतात. सराटा निदान वरून दिसतो तरी, बाभळीचं टोक मोडून आत राहतं.

लिक्विडचं म्हणाल तर काट्याच्या बारीक भोकांना चांगलं, चिरेला नाही. उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी परत टाकावं लागतं. आणि ते गळून बाहेर आलेलं असेल तर त्यावर पॅच धरत नाही, आधी नीट पुसा.

भरीतप्रेमी
अहो काय सांगू! जुनी ट्यूब माळ्यावर होती. दोन्ही शेजारी धरल्या, वॉलपासून बरोब्बर वीतभर अंतरावर भोक, दोन्हींत. मग टायर पूर्ण काढला, आतून बोट फिरवलं तर काही लागेना, बाहेरूनही काही दिसेना. शेवटी तो भाग उलटा वाकवला तेव्हा आत तांदळाच्या कणीएवढं काळं टोक वर आलं. सोडलं की परत आत. म्हणजे मी बसलो की टोचणार आणि उतरलो की लपणार! चिमट्याने धरवेना, नेलकटरने ओढून काढलं. परवा घाईत टायरला हातही लावला नव्हता, नुसता पॅच मारून त्याच काट्यावर परत बसलो.

अडॅप्टर आणि स्पेअर ट्यूब उद्या आणतो. काटा कागदात बांधून ठेवलाय, कारण घरी सगळ्यांचं मत पडलंय की मला टेम्पोतूनच फिरायला आवडतं.