शेजारी टॉवर येतोय, रस्त्याची रुंदी कुठली धरतात?

ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आतल्या बाजूला आमची 84 फ्लॅटची सोसायटी आहे. शेजारच्या प्लॉटला पत्रे ठोकलेत, 3 टॉवर येणार म्हणे. गेटवरच्या बोर्डावर स्विमिंग पूलचं चित्र आहे, परवानगी क्रमांक मात्र नाही.

काळजी रस्त्याची. स्वतः टेप धरून मोजला, गटाराच्या झाकणापासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम 7 मीटर. आत्ताच पाण्याचा टँकर आला की स्कूलबस मागे घ्यावी लागते.

महारेराच्या (जिथे गृहप्रकल्पांची नोंदणी होते) साइटवर प्रकल्प सापडला नाही. मंजूर नकाशासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, 30 दिवस व्हायचेत. पर्यावरण मंजुरीत इमारतींसाठी जनसुनावणी नसते, त्यामुळे हरकतीचा तो मार्ग बंदच. कोर्टाचा खर्च सध्या झेपणार नाही. आणि बांधकामच नको असंही नाही, रस्ता आधी व्हावा इतकंच.

यूडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. मग ती जागेवरची धरतात की विकास आराखड्यातली? आणि सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) निघायच्या आत हरकत नगररचना विभागाकडे द्यायची की थेट आयुक्तांकडे? सोबत सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, की कमिटीचं पत्र चालतं? कुणी हे केलंय का?