अमेरिकी सैन्याचं निवृत्तिवेतन: लग्न १० वर्षांपेक्षा कमी असेल तर घटस्फोटात वाटा मिळतो का?

प्रश्न:
नवरा अमेरिकी लष्करात, सेवा १५ वर्षं, २० पूर्ण करून निवृत्त होणार. लग्न ९ वर्षांचं, सगळं सेवाकाळातलं. त्याच्या बाजूने सांगितलं जातंय की १० वर्षं भरली नाहीत, म्हणून पत्नीचा निवृत्तिवेतनावर हक्कच नाही. हे खरं का? हक्क असेल तर वाटा कसा मोजतात? आणि पुढे त्याने अपंगत्वभत्ता घेतला तर त्या वाट्याचं काय होतं?

उत्तर १:
खरं नाही. या गैरसमजापायी कितीतरी जणी हक्काचे पैसे सोडून देतात. १९८१ मध्ये मॅकार्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे वेतन वाटण्यापासून रोखलं होतं. १९८२ च्या कायद्याने (यूएसएफएसपीए) तो अधिकार परत दिला. मात्र कोर्ट वाटणी 'करू शकतं', केलीच पाहिजे असं नाही, आणि अमुक टक्के द्याच असंही कायदा म्हणत नाही.

१० वर्षांची अट आहे ती फक्त पैसे कोण पाठवणार एवढ्यापुरती. लग्न आणि सेवा किमान १० वर्षं एकत्र चालली असतील तर डीएफएएस हे वेतन कार्यालय वाटा थेट पत्नीच्या खात्यात जमा करतं. ९ वर्षांत ती सोय नाही, दर महिन्याला त्यानेच द्यायचे. म्हणून हुकूमनाम्यात तारीख, बँक ट्रान्सफर आणि चुकवल्यास काय, हे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर घर किंवा टीएसपीतला (सरकारी निवृत्ती-बचत खात्यातला) जास्त हिस्सा घेऊन निवृत्तिवेतनावरचा दावा सोडण्याचा पर्यायही आहे. टीएसपीला १० वर्षांची अट नाही, पण त्यासाठी वेगळा आदेश लागतो. मुलांच्या पोटगीलाही ही अट लागत नाही.

दावा कुठे लावता तेही पाहा. त्याची नुसती पोस्टिंग त्या राज्यात असून भागत नाही. तिथलं कायमचं वास्तव्य, पोस्टिंगशिवायच्या कारणाने राहणं किंवा त्याची संमती, यांपैकी एक हवं.

उत्तर २:
मोजणीचं सांगतो, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. २३ डिसेंबर २०१६ नंतरच्या आदेशात, निवृत्तीआधी घटस्फोट झाला असेल तर वाटणीसाठीचं निवृत्तिवेतन घटस्फोटाच्या दिवशीच्या हुद्द्यावर आणि सेवेवर गोठवतात. पुढे त्यात फक्त महागाईची वाढ मिळते.

समजा आज सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांच्या मूळ पगाराची सरासरी ६,००० डॉलर आहे. जुनी योजना असेल तर दर वर्षाला २.५ टक्के, म्हणजे १५ वर्षांचे ३७.५ टक्के: २,२५० डॉलर. लग्नाची ९ भागिले सेवेची १५ म्हणजे ६० टक्के. निम्मी वाटणी धरली तर ३० टक्के, म्हणून वाटा ६७५ डॉलर.

आता छेदाकडे लक्ष द्या. कोणी सवयीने छेदात निवृत्तीपर्यंतची २० वर्षं टाकली तर वाटा २२.५ टक्क्यांवर येतो आणि हातात पडतात ५०६ डॉलर. वेतन आधीच गोठलेलं, त्यात अपूर्णांकही लहान, म्हणजे एकच काट दोनदा! आदेशात 'घटस्फोटापर्यंतची सेवा' असे शब्द हवेत. शिवाय ती सरासरी आणि सेवेची वर्षं-महिने आकड्यात लिहिलेले नसतील तर डीएफएएस आदेश परत पाठवतं. तुमच्या बाबतीत ते पैसे पाठवणार नसलं तरी हे आकडे घाला, नाहीतर पाच वर्षांनी कशाच्या ३० टक्के यावर पुन्हा भांडण.

नव्या ब्लेंडेड निवृत्ती योजनेत २.५ च्या जागी २ टक्के धरा.

उत्तर ३:
वरच्या दोघांनी मृत्यूची बाजू घेतलीच नाही. तो वारला की वाटा त्याच दिवशी थांबतो. पुढची सोय एसबीपीत (मृत्यूनंतर जोडीदाराला पैसे देणारी योजना): निवडलेल्या रकमेच्या ५५ टक्के हयातभर, हप्ता ६.५ टक्के. इथेही १० वर्षांची अट नाही. आदेशात 'माजी पत्नीसाठी एसबीपी' असं लिहून घ्या आणि त्याच्यावर विसंबून न राहता डीडी २६५६-१० हा फॉर्म स्वतः भरा. मुदत आदेशापासून एक वर्ष. ती हुकली आणि त्यानेही नोंद केली नाही तर आदेश कितीही चांगला असो, उपयोग शून्य. पत्नीने वयाच्या ५५ आधी पुन्हा लग्न केलं तर एसबीपी बंद होते. वेतनातला वाटा मात्र पुनर्विवाहाने आपोआप जात नाही.

प्रश्नकर्ती:
आभार. अपंगत्वाचं राहिलं. आणि गोठवणं न्याय्य वाटतं का? वाट्याला येणारी वर्षं तर हिने दर बदलीला स्वतःची नोकरी सोडून काढलेली असतात.

उत्तर ४:
अपंगत्वभत्ता घेताना साधारणपणे तेवढंच निवृत्तिवेतन सोडावं लागतं, आणि असं सोडलेलं वेतन वाटता येत नाही (मॅन्सेल निकाल, १९८९). २०१७ च्या हॉवेल निकालाने पुढचं दारही लावलं: घटलेला वाटा भरून द्या असा आदेश कोर्टाला देता येत नाही. त्या खटल्यात पत्नीचे महिन्याला सुमारे १२५ डॉलर गेले होते. पण न्यायालयाने तिथेच म्हटलंय की घटस्फोटाच्या वेळी ही शक्यता धरून पोटगी ठरवता येते. म्हणून पोटगी आज एक डॉलरची का असेना, पण ठेवा आणि पुढे वाढवण्याचा हक्क राखा. पोटगी साफ सोडून देणं ही इथली सगळ्यात महागडी सही. २० वर्षं सेवा आणि ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सीआरडीपी या नियमामुळे निवृत्तिवेतन आणि अपंगत्वभत्ता दोन्ही मिळतात आणि वेतन वाटण्याजोगं राहतं. त्याने सीआरएससी (युद्धाशी संबंधित अपंगत्वाचा वेगळा भत्ता) निवडलं तर त्या रकमेत पत्नीला वाटा नाही.

गोठवणं मला पटत नाही. वरच्याच उदाहरणात तो २० व्या वर्षी ८,००० च्या सरासरीवर निवृत्त झाला तर गोठवण्याआधीच्या जुन्या पद्धतीने २२.५ टक्क्यांचे ९०० झाले असते.

उत्तर २:
आकडा बरोबर आहे, तरी शेवटच्या पाच वर्षांची बढती त्याने एकट्याने मिळवलेली असते, हे मी नाकारणार नाही. मला खटकतं ते वेगळंच: नियम केंद्राचा असल्याने राज्याच्या कोर्टाला प्रकरण पाहून काही ठरवता येत नाही. ९ वर्षांचं लग्न आणि १९ वर्षांचं लग्न, दोघांना एकच माप. म्हणून तडजोडीच्या टेबलावर ही २२५ डॉलरची तफावत मांडा आणि घराच्या किंवा टीएसपीच्या हिश्श्यात मागा. तिथे कायदा आडवा येत नाही.