मदत हवी आहे : पावसाळी मासेमारी बंदीनंतर बोटीचं इंजिन लागत नाही, सेल्फ मारला की नुसता 'टक्क' आवाज

धागाकर्ता
बोट मालवणला आहे. इंजिन ४ सिलिंडरचं डिझेल, हीट एक्सचेंजरवालं (आतलं कूलंट खाऱ्या पाण्याने थंड होतं). धूर आणि खारं पाणी एकाच पाइपातून मागे पडतं. बंदीत (१ जून ते ३१ जुलै) बोट शाकारलेली होती. आज सकाळी डिझेल फिल्टर बदलला, लाइनीत हवा धरली. आठ-दहा वेळा सेल्फ मारला. इंजिन छान फिरत होतं, पण लागलं नाही. आता 'टक्क' होऊन जागीच अडतं. बॅटरी १२.७ व्होल्ट, टर्मिनलं साफ. सेल्फ उतरवू का? आणि लागल्यावर गरम किती वेळ करायचं? तांडेल (बोटीचे प्रमुख) म्हणतात, अर्धा तास न्यूट्रलला ठेव.

मरीनफिटर
सेल्फ आता अजिबात मारू नका. तो बहुधा ठीकच आहे. बॅटरी भरलेली, इंजिन आधी मोकळं फिरत होतं आणि मग अडलं, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचा संशय आधी घ्या. सेल्फवर इंजिन फिरतं तेव्हा खाऱ्या पाण्याचा पंपही फिरतो आणि सायलेन्सरमध्ये पाणी टाकत राहतो. इंजिन लागलेलं नसल्यामुळे ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून आत उतरतं. पाणी दाबलं जात नाही; जबरदस्ती केलीत तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बुडाचा कॉक) बंद करा, सायलेन्सर रिकामा करा, स्टॉप लिव्हर (डिझेल तोडणारा दांडा) ओढून बांधून ठेवा. चारही इंजेक्टर काढून क्रँकच्या नटाला पाना लावा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. भोकांवर तोंड नेऊ नका, पिचकारी उडते. हे आजच करा, खाऱ्या पाण्याने पिस्टनच्या रिंगा गंजून धरायला वेळ लागत नाही.

धागाकर्ता
३ आणि ४ नंबरमधून पाणी उडालं, खारट आहे. इंजिन हाताने मोकळं फिरतंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय.

मरीनफिटर
मग ऑइल आणि ऑइल फिल्टर, दोन्ही बदला. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा आणि इंजेक्टर बाहेर असतानाच सेल्फवर ५ सेकंद फिरवा, उरलेलं पाणी उडून जाईल. इंजेक्टरखाली तांब्याचे वॉशर नवेच घाला. इंजिन लागल्यावर २० मिनिटं चालवून ऑइल पुन्हा बदला, यात काटकसर नको.

हवा सेल्फने काढायची नसते. हँड प्रायमर मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. इंजेक्टरच्या पाइपांचे नट शेवटी अर्धा आटा ढिले करा. सेल्फ एका वेळी १० सेकंदच, मध्ये २ मिनिटं थांबा. या सगळ्या वेळात सीकॉक बंद. इंजिन धरलं त्या क्षणी तो उघडायला एक माणूस तिथेच बसवा, कोरडा इंपेलर (खाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बघता बघता जळतो.

खाडीपलीकडचा
इंपेलरही काढून बघाच. दोन महिने एकाच जागी दाबून राहिलेली पाती तशीच वळलेली राहतात, बुंध्याशी चीर पडते.

अर्धा तास न्यूट्रल मला पटत नाही. बिनलोड इंजिन नीट तापतच नाही. अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीवरचं) ऑइल धुऊन काढतं, इंजेक्टरच्या नोझलवर काजळी धरते, पुढे लायनर काचेसारखा गुळगुळीत होऊन इंजिन ऑइल खाऊ लागतं. चालू झाल्यावर १५ सेकंदांत ऑइल प्रेशर आणि अर्ध्या मिनिटात मागे पाणी दिसलं पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी दिसलं नाही तर लगेच बंद करा. ८००-९०० आरपीएमवर ४-५ मिनिटं ठेवा, मग गिअर टाकून हळू निघा. कूलंट ६० अंशांच्या पुढे जाईपर्यंत अर्ध्या रेसच्या वर नाही, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन लायनरपेक्षा लवकर फुगतो. सुरुवातीचा पांढरा धूर चालेल. इंजिन तापल्यावरही राहिला आणि हेडर टाकीतलं (कूलंटच्या टाकीतलं) पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासा.

धागाकर्ता
सीकॉक उघडा ठेवून सेल्फ मारत होतो, तेच चुकलं. इंपेलरची दोन पाती चिरलेली निघाली, नवा घालतोय.

मरीनफिटर
एक राहिलं. सायलेन्सर पाण्याच्या रेषेखाली असेल तर खाऱ्या पाण्याच्या पाइपावरचा अँटीसायफन व्हॉल्व्ह उघडून गोड्या पाण्याने धुवा. मीठ साठून तो चिकटला की इंजिन बंद असतानाही रात्रीतून पाणी ओढलं जातं, आणि सकाळी सेल्फ मारल्यावर परत हाच 'टक्क' येतो.