शनिवारचा पिक्चर ‘द नन’ : सोसायटीच्या ग्रुपवर

सावंत भाऊ (सेक्रेटरी): काल क्लब हाऊसला आलेल्या सगळ्यांचे आभार. लाईट दोनदा गेली तरी पिक्चर पुरा झाला. ज्यांच्या छत्र्या राहिल्यात त्यांनी वॉचमनकडून घेऊन जाव्यात. एक लहान मुलाची चप्पलसुद्धा आहे, डावी.

सुदेश (सी-101): भाऊ, खरी भीती लाईट गेली तेव्हाच वाटली. पिक्चर चालू असताना मला झोप येत होती.

नाईक वहिनी (बी-302): तुम्हाला झोप आली, आमच्याकडे कोणी झोपलंच नाही. सई पहाटेपर्यंत हात सोडेना. चप्पल तिचीच आहे. नोटीसवर नुसतं ‘हॉरर’ लिहून भागत नाही भाऊ, कितव्या वर्षापासून हे पण लिहायला हवं होतं.

सावंत भाऊ (सेक्रेटरी): वहिनी, मठ, सिस्टर, फादर बघून मला वाटलं देवाधर्माचा असेल.

सुदेश (सी-101): 😂😂😂

मेघना (ए-203): भाऊ, अमेरिकेत त्याला ‘आर’ सर्टिफिकेट आहे. म्हणजे 17 च्या आतल्यांनी मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. पण खरं सांगू का, मलाही तो फारसा आवडला नाही. ‘कॉन्ज्युरिंग 2’ मध्ये हीच सैतानी नन पाच-दहा मिनिटं येते आणि अंगावर काटा येतो. त्या पिक्चरमध्ये आधी शिंगांचा राक्षस होता. शूटिंग संपलं तरी दिग्दर्शक जेम्स वानला तो पटेना, म्हणून पुन्हा शूटिंग करून ही नन घातली. लोकांना ती इतकी भावली की 2018 मध्ये तिच्यावर वेगळा पिक्चरच काढला. 2.2 कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून 36 कोटींच्या वर कमाई. मग काय, 2023 ला दुसरा भाग.

सुदेश (सी-101): एवढ्या पैशात मेकअपवाल्याने चांगलं काम केलंय.

मेघना (ए-203): मेकअप आहेच, पण ननचं काम करणाऱ्या बॉनी एरन्सचा चेहरासुद्धा. पहिल्या भागात तिला सारखं समोर आणून उभी केलीय. दार उघडलं की ती, आरशात ती, कॉरिडॉरच्या टोकाला ती. चौथ्यांदा आली तेव्हा सईसुद्धा कानावर हात ठेवत होती, डोळ्यांवर नाही. म्हणजे पोरांना कळलं की आवाज मोठा येणार.

नाईक वहिनी (बी-302): सई घाबरली ती वेगळ्याच कारणाने. आज सकाळी मला विचारते, आई, आमच्या स्कूलच्या सिस्टर रात्री अशाच होतात का? आता काय सांगायचं? सोमवारी शाळा आहे.

फर्नांडिस टीचर (ए-104): बाय, उद्या संध्याकाळी सईला माझ्याकडे पाठव. माझ्या मावशीचे फोटो दाखवते, ती 52 वर्षं सिस्टर होती. शिवण शिकवायची, आणि आम्ही तिला घाबरत होतो ते फक्त उलटी टीप घातली म्हणून 😊 मी काल शेवटपर्यंत बसले, पण मला एकदाही भीती वाटली नाही. मला नुसत्या चुकाच दिसत होत्या.

मेघना (ए-203): टीचर, सांगा ना! कुठल्या?

फर्नांडिस टीचर (ए-104): ती मुलगी आयरीन नोव्हिस आहे, अजून व्रतं घेतलेली नाहीत. अशा मुलीला व्हॅटिकन एकटीला एका फादरबरोबर, त्या फादर बर्कबरोबर, परदेशात भुतांचा तपास करायला पाठवतं? आमच्याकडे नोव्हिसला आई-वडील भेटायला येणार असले तरी परवानगी लागते. आणि मग मधेच एका रात्रीत तिची व्रतं होतात. एक वर्ष तरी नोव्हिशिएट, म्हणजे शिकाऊ काळ, लागतो, मग तात्पुरती व्रतं, ती तीन वर्षं तरी, त्यानंतर कायमची. काल ती पाच मिनिटांत उरकली. आणि उलटा क्रॉस. पिक्चरवाल्यांना वाटतं उलटा क्रॉस म्हणजे सैतान. पण सांत पेद्रूला, म्हणजे सेंट पीटरला, उलटं टांगून मारलं अशी परंपरा आहे, म्हणून उलटा क्रॉस हा त्याचा क्रॉस. चर्चमध्ये दिसला तर कोणी पळून जात नाही.

सुदेश (सी-101): टीचर, एक्सॉर्सिझम, ते सैतान उतरवणं, तरी खरं असतं ना?

फर्नांडिस टीचर (ए-104): विधी आहे. 1614 चा, आणि 1999 मध्ये सुधारलेला. पण बिशपच्या परवानगीशिवाय फादर करू शकत नाही, आणि आधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं असतं. पिक्चरमध्ये डॉक्टर कधीच येत नाही. आला तर पिक्चर अर्ध्या तासात संपेल.

कामत काका (बी-201): नमस्कार. मी काल आलो नाही, गुडघा. पण आज दुपारी मुलाने लॅपटॉपवर लावून दिला. मला एक गोष्ट खटकली आणि ती भुताची नाही. गोष्ट 1952 च्या रोमानियातली. 1948 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट सरकारने ग्रीक-कॅथलिक चर्चवर, म्हणजे पोपला मानणाऱ्या चर्चवर, बंदी घातली. फादर, बिशप तुरुंगात गेले. 1950 मध्ये पोपच्या प्रतिनिधीला देशाबाहेर काढलं. आणि 1952 मध्ये व्हॅटिकनचा फादर सिस्टरला घेऊन गाडीतून आरामात येतो, गावकरी थुंकतात पण पोलीस एकही दिसत नाही? त्या काळात त्या मठाला सैतानाची गरजच नव्हती. मठ ओसाड व्हायला सरकार पुरेसं होतं.

मेघना (ए-203): काका, हे मला सुचलंच नव्हतं.

कामत काका (बी-201): अजून गंमत बघ. पिक्चरमधला सेंट कार्ताचा मठ सिस्टरांचा आहे. खरा कार्ता ट्रान्सिल्व्हानियात आहे, पण तो सिस्टर्शियन साधूंचा, म्हणजे पुरुषांचा मठ होता आणि पंधराव्या शतकातच बंद झाला. आता भग्नावशेष. पिक्चरसाठी हुनेदोआराचा कोर्विन किल्ला वापरला. दिसायला छान, पण तो किल्ला आहे, मठ नाही.

सुदेश (सी-101): काका, पिक्चर बघताना तुम्ही असा इतिहास काढला तर भूत पळून जाईल.

कामत काका (बी-201): पळू दे. आता आपल्याकडचं सांगतो. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ. 1606 मध्ये बांधायला घेतला, 1627 मध्ये पुरा झाला. शेकडो सिस्टर राहिल्या तिथे. 1834 मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे मठ सरळ बंद केले. बायकांच्या मठांना सांगितलं, आहात त्या राहा, पण नवी मुलगी घ्यायची नाही. शेवटची सिस्टर मेली की मठ सरकारजमा. मग एक एक करून त्या म्हाताऱ्या झाल्या. रोज रात्री प्रार्थनेला घंटा वाजायची आणि दर काही वर्षांनी एक जागा रिकामी. पिक्चरमध्ये सिस्टर ओळीने प्रार्थनेला बसतात आणि नंतर कळतं की त्या सगळ्या आधीच मेलेल्या, ते बघताना मला मोनिकाच आठवला.

फर्नांडिस टीचर (ए-104): कामत बाब, हे तुम्ही बरं लिहिलंत. पण मोनिका ओसाड नाही हां. 1964 पासून तिथे मातेर देई आहे, सिस्टरांना शिकवायची संस्था. मी तिथे गेलेय, व्हरांड्यात कपडे वाळत असतात. कालच्या पिक्चरमधला प्रार्थनेचा तेवढाच भाग मला खरा वाटला. चोवीस तास पाळीपाळीने प्रार्थना करायची, कोणीतरी उठलं की दुसरी त्या जागी. अशा प्रार्थना खरंच करतात.

सुदेश (सी-101): मग माझ्या मित्राने सांगितलेलं ते थ्री किंग्ज चॅपल? गोव्यातल्या कासावलीचं? तिथे रात्री गेला तर कोणीतरी पाठीवर हात ठेवतो म्हणतात. तीन राजे होते, एकाने दोघांना विष घातलं…

फर्नांडिस टीचर (ए-104): सुदेश, माझं माहेर कासावली. 😡 असे कोणी राजे नव्हते. तीन राजे म्हणजे येशूला भेटायला आलेले. 6 जानेवारीला फेस्त असतं, कुएलीं, कासावली आणि आरोशी, तिन्ही गावांतले पोरगे राजे बनून घोड्यावरून डोंगर चढतात, सगळा गाव मागून. आता ही भुताची गोष्ट इंटरनेटवर गेली, रात्री पोरं बाटल्या घेऊन वर जातात, सकाळी काचा आम्ही गोळा करतो. हॉरर तो आहे.

सुदेश (सी-101): सॉरी टीचर. पुढच्या फेस्ताला घेऊन चला.

सिंधू काकी (सी-304): मी टायपिंग शिकतेय, हळू वाचा. आमच्या पेडण्यात देवचार आहे. वाटेवर रात्री भेटतो, हातात काठी, खांद्यावर कांबळं. कुणी त्याला भूत म्हणत नाही. वर्षातून एकदा रोट, नारळ, विडी ठेवायची. काही ख्रिस्ती घरंसुद्धा ठेवतात, मेणबत्ती लावून आणि सोरो, म्हणजे दारू, देऊन. मग तो गावची राखण करतो. तुमच्या त्या सिस्टरभुताला कोणी विचारलं का, बाई तुला काय हवं?

मेघना (ए-203): काकी 🙏 हा प्रश्न एकाही रिव्ह्यूमध्ये नाही. तिला नक्की काय हवंय हे दोन्ही भागांत नीट कळत नाही. ख्रिस्ताचं रक्त तोंडात धरून ते तिच्यावर थुंकायचं आणि संपलं.

नाईक वहिनी (बी-302): आमच्या सासूबाई सांगतात, वेताळाला पायताणं देतात. रात्री गावभर फिरून ती झिजतात म्हणून नवी द्यायची. सई हे ऐकून हसायला लागली, म्हणाली मग त्या ननला शूज देऊया ना.

कामत काका (बी-201): सईला माझा आशीर्वाद सांगा. दिग्दर्शकापेक्षा हुशार आहे.

मेघना (ए-203): काका, एक मात्र मानायला हवं. थडग्यावर घंटा बांधायची, चुकून जिवंत पुरलं तर आतून दोरी ओढायची, तो भाग जबरदस्त होता. फादर बर्क आत, काळोख, आणि वर दहा घंटा वाजताहेत, आयरीनला कळत नाही कुठली खरी. तिथे एकही राक्षस नको होता. असाच एक सीन दुसऱ्या भागात आहे, रस्त्यावरच्या मासिकांच्या स्टँडची पानं आपोआप उलटत जातात आणि त्यातून ननचा चेहरा तयार होतो. आवाज नाही, धावपळ नाही.

फर्नांडिस टीचर (ए-104): दुसऱ्या भागात सांत लुझियाचे, म्हणजे सेंट लूसीचे, डोळे आहेत ना? आमच्याकडे तिची मूर्ती ताटलीत डोळे घेऊन उभी असते. लहानपणी मला त्या ताटलीची भीती वाटायची, ननची नाही.

मेघना (ए-203): हो टीचर! 1956, फ्रान्समधलं एक्स-आँ-प्रोव्हाँस नावाचं शहर, मुलींचं बोर्डिंग स्कूल. पुढच्या शनिवारी लावूया का?

नाईक वहिनी (बी-302): बोर्डिंग स्कूल?? अजिबात नको. आधीच शाळेचा प्रश्न सुटला नाहीये.

सुदेश (सी-101): वोटिंग घ्या भाऊ.

सावंत भाऊ (सेक्रेटरी): ठीक आहे. पर्याय एक, ननचा दुसरा भाग, रात्री 9:30 नंतर, 17 च्या वरच्यांसाठी. पर्याय दोन, लहान मुलांसाठी काहीतरी विनोदी, 7 वाजता. दोन्ही ठेवू शकतो, पण एक्स्टेंशन बोर्ड एकच आहे आणि तो कालच्या पावसात भिजला. कोणाकडे असेल तर उद्या ऑफिसात आणून द्या.

कामत काका (बी-201): माझ्याकडे आहे. पण खुर्ची पुढे ठेवा, गुडघा वाकत नाही.

सिंधू काकी (सी-304): मी 9:30 वाल्याला. बाई कोण आहे बघायचंय एकदा.