मदत हवी आहे: सहा झेडपी शाळांत पिण्याचं पाणी, कंपनीचा सीएसआर (कायद्याने करायचा सामाजिक खर्च). करारावर सही करण्याआधी काय तपासावं?

होटगी_रोड
नमस्कार. सहा शाळा, १८ लाख रुपये आणि हातात साडेतीन महिने, असा मामला आहे.

संस्था सार्वजनिक न्यास आहे, नोंदणीला नऊ वर्षं झाली. काम शाळांतलं पाणी आणि स्वच्छतागृहं. १२ए (संस्थेची आयकर नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) चालू आहेत, सीएसआर-१ (सीएसआरचं काम घेण्यासाठीचा नोंदणी फॉर्म) भरलेला नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीला दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या सहा जिल्हा परिषद शाळांत पाण्याची सोय करायची आहे. पट ८० ते १४०. सगळीकडे बोअर, पाणी मचूळ, आणि एप्रिलपर्यंत तेही तळाला जातं. कंपनीचं म्हणणं: प्रत्येक शाळेत आरओ (पाणी शुद्ध करणारं यंत्र) बसवा, दारात आमची पाटी लावा, बिलं ३१ मार्चच्या आत द्या. माणसाच्या पगाराला पैसे नाहीत, कारण "प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो".

सीएसआर-१ कुठे अडतो? पाच टक्क्यांचा नियम आपल्याला लागतो का? आरओ घ्यावा का? बसवलेल्या वस्तूचा मालक कोण? शिवाय टॉवेलचे एक कारखानदार पैशाऐवजी मुलांना टॉवेल देतो म्हणतात आणि ते सीएसआरमध्ये धरा म्हणतात. चालेल का?

ताळेबंद
सीएसआर-१ आधी. १ एप्रिल २०२१ पासून या फॉर्मवर मिळणारा सीएसआर नंबर नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआर राबवता येत नाही. फॉर्म एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर भरायचा. न्यासाचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, १२ए-८०जीची पत्रं, विश्वस्तांचे तपशील, सही करणाऱ्या विश्वस्ताची डिजिटल सही, आणि प्रॅक्टिसमधल्या सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन.

भरायला एक दुपार पुरते. अडतं ते नावात. पॅनवर 'बहुउद्देशीय'चं इंग्रजी स्पेलिंग एक, ८०जीवर दुसरं. दुसरी अडचण विश्वस्तांची: कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला आणि धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्जच गेला नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. आजच शेड्यूल वनचा (त्या कार्यालयातली न्यासाची नोंद, विश्वस्तांच्या नावांसह) ताजा उतारा मागवा. करारावर सही करणाऱ्याचं नाव त्यावर नसेल तर कंपनीचा वकील फाईल तिथेच मिटतो.

नऊ वर्षं नोंदणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नियमात तीन वर्षांचा अनुभव 'तशाच कामाचा' हवा. ऑडिटमध्ये सगळा खर्च 'सामाजिक उपक्रम' या एकाच ओळीत असेल तर पाण्याचं काम दिसणार कुठून? वर्षवार तक्ता सीएकडून सही करून घ्या.

पाच टक्के तुमच्यासाठी नाहीत. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतच येत नाही. मात्र अंदाजपत्रकात 'कार्यालयीन खर्च १० टक्के' अशी ढोबळ ओळ टाकली तर त्यांनी ती कापणं बरोबरच. 'क्षेत्र समन्वयक, १ व्यक्ती, १२ महिने, ६ शाळा, आठवड्याला प्रत्येकी एक भेट' असं लिहा.

टॉवेल: नाही. कायदा 'खर्च' मागतो. वस्तू देऊन तिची किंमत लावणं चालत नाही, हे एमसीएच्या २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात आहे. मुळात तो कारखाना 'कंपनी' आहे का ते विचारा. सीएसआर सांगणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ फक्त कंपन्यांना लागतं, त्याही आदल्या वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक तरी गाठलेल्या. आपल्याकडचे कितीतरी यंत्रमाग भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहेत. सहकारी साखर कारखानेही या कलमात येत नाहीत, खासगी येऊ शकतात. टॉवेल जरूर घ्या, देणगी म्हणून साठा नोंदवहीत चढवा. वस्तूवर ८०जीची पावती फाडू नका.

पागोळी
यंत्राचं नंतर बघू, आधी पाणी तपासा. सहाही बोअरचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या: टीडीएस (विरघळलेले क्षार), एकूण कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जीवाणू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मान्य. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड १.५ च्या वर नको (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). नायट्रेट जास्त निघालं तर साधा वाळू-कोळशाचा फिल्टर किंवा यूव्ही (अतिनील दिवा) उपयोगाचा नाही, उकळूनही ते जात नाही. तिथे आरओला अर्थ आहे. नुसतं मचूळ आहे म्हणून सहा आरओ घेणं मला पटत नाही.

कारण शाळेतला आरओ बिघडतो ते ठरलेल्या क्रमाने. वीजबिल थकतं, जोडणी तुटते. मे महिन्यात यंत्र कोरडं पडून मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) खराब होते. कठीण पाण्याचा थर बसतो, धार बारीक होते, मेम्ब्रेन बदलायला पैसे नसतात. वर अर्धंअधिक पाणी गटारात. जिथे बोअरच आटतोय तिथे हे म्हणजे अजबच.

छतावरचं पाणी घ्या. हिशेब असा: १०० चौरस मीटर स्लॅब, पाऊस ५०० मिलिमीटर धरा, हाती लागतं ८० टक्के, म्हणजे ४० हजार लिटर. पट १२०, माणशी २ लिटर, दिवसाला २४० लिटर. १० हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर जेमतेम चाळीस शाळेचे दिवस. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे ऑक्टोबरात टाकी तुडुंब आणि डिसेंबरात रिकामी. म्हणून प्रस्तावात 'बारमाही पाणी' हा शब्द चुकूनही घालू नका. एवढे महिने पावसाचं, पुढे बोअरचं किंवा नळयोजनेचं, असं सरळ लिहा.

टाकी एक १० हजारांची नको, पाच-पाचच्या दोन; एक धुताना दुसरी चालू राहते. पहिला पाऊस बाहेर सोडायची सोय हवीच. १ मिलिमीटर पाणी काढायचं तर या छताला १०० लिटर. ठेकेदार उभा पाईप लावून मोकळा होतो, पण ११० मिलिमीटरचा पाईप मीटरला आठ-नऊ लिटरच धरतो, म्हणजे अकरा-बारा मीटर पाईप लागेल. त्याऐवजी २०० लिटरचं ड्रम, तळाला कॉक. प्रत्येक पावसानंतर तो कॉक उघडून ड्रम रिकामं करायचं. विसरलं की पुढच्या पावसाला छतावरची सगळी घाण टाकीत. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅमपासून सुरू करा. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपवर (क्लोरीन मोजायचं साधन) नळाचं पाणी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दाखवेपर्यंत मात्रा वाढवा. पावडर जुनी असेल तर जास्त लागते.

सरता_मार्च
तारखेचं बोलतो. कंपनीनं पैसे तुमच्या खात्यात टाकले म्हणजे खर्च झाला, असं नाही. तुम्ही वापरल्यावरच तो खर्च, आणि तसं त्यांच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून मार्चमध्ये 'आधी बिल द्या, काम नंतर करा' असा आग्रह होतो. तसलं बिल देऊ नका. संचालक मंडळाकडून प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या, वेळापत्रकासह. मग न वापरलेली रक्कम ३१ मार्चनंतर ३० दिवसांत 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. 'चालू' ठरवलं नाही तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या सरकारी निधीत जाते, आणि शाळा बसतात तशाच.

तुमच्या बाबतीत मार्चअखेर पन्हाळी, पाईप, टाक्या, म्हणजे साधारण ७ लाख. उरलेले ११ लाख पुढच्या वर्षात हप्त्यांनी. प्रत्येक हप्त्याआधी मागच्याचं सीएचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाले याचं). बँक खातं वेगळं ठेवा, त्यावरचं व्याजही प्रकल्पाचंच. कंपनीची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांच्या आत असेल आणि 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात काही रक्कम नसेल तर वेगळ्या समितीची सक्ती नाही, ठराव थेट संचालक मंडळात होतो. विचारून घ्या, महिना वाचेल.

डेडस्टॉक_रजिस्टर
मालकीचं: सीएसआरमधून झालेली भांडवली वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. सीएसआर नंबर असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जाते. शाळेची जागा झेडपीची, तेव्हा शाळेकडेच द्या. क्रम असा: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, मगच खोदकाम. काम झाल्यावर हस्तांतरण पत्र आणि डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही) नोंद: टाकी, क्षमता, किंमत, तारीख. नोंद नसेल तर मुख्याध्यापक बदलले की टाकी कुणाचीच नसते. टाकी धुणं, ब्लीचिंग आणि नळाचे वायसर यांची दोन वर्षांची तरतूद १८ लाखांतच धरा.

पाटीचं: 'अमुक कंपनीच्या सहकार्याने' एवढंच. जाहिरात नसलेल्या अशा नावावर जीएसटी नाही, हे ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रक क्र. ११६ मध्ये आहे. उत्पादनाचं चित्र आलं की जीएसटीचा प्रश्न येतो, आणि विपणनासाठीचं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये बसतही नाही. करारातही 'व्हेंडर', 'सर्व्हिस फी' हे शब्द काढायला लावा, 'अनुदान' लिहा. नाहीतर आयकराचा टीडीएस कापून पैसे येतील.

कंबर_तलाव
मधला कन्सल्टंट "दहा टक्के रोख परत" म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा की. ती रक्कम खोट्या बिलातूनच काढावी लागते आणि सही तुमच्या विश्वस्ताची असते.

होटगी_रोड
आभारी आहे. उताऱ्याचा अर्ज आणि पाण्याचे नमुने दोन्ही याच आठवड्यात. एक राहिलं: सहापैकी एका शाळेला स्लॅब नाही, जुना सिमेंटचा पत्रा आहे, कडा झिजल्यात.

पागोळी
त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असणार. ते पाणी पिण्याला घेऊ नका, स्वच्छतागृहाला आणि झाडांना वापरा, टाकी वेगळी आणि नळ वेगळ्या रंगाचा. पत्रा कापू किंवा घासू देऊ नका, धूळ वाईट असते. पिण्यासाठी स्वयंपाकाच्या खोलीला स्लॅब आहे का बघा. २५ चौरस मीटर असला तरी ५०० मिलिमीटरला १० हजार लिटर मिळतात, पाचच्या दोन्ही टाक्या एकदा भरतील.

होटगी_रोड
आहे, ५ बाय ६ मीटर.

पागोळी
मग १२ हजार. ड्रम तिथे ३० लिटरचं पुरेल.