क्यूबातलं 'बोईओ' मराठीत काय लिहू?

मृण्मयी_पुणे: स्पॅनिशच्या वर्गासाठी एका क्यूबन शेतकऱ्याच्या आठवणी मराठीत करतेय. आजोबा सारखे आपल्या 'बोईओ'बद्दल बोलतात. शब्दकोश म्हणतो, झोपडी. पण बोलण्यात तोरा असा, की वाडाच! शिवाय छप्पर म्हणे 'ग्वानो'चं. ग्वानो म्हणजे पक्ष्यांची विष्ठा ना?

खलाशीकाका: ताई, हसू आलं, रागावू नका. विष्ठेचं खत ते पेरू देशाकडचं. क्यूबात ताडाच्या जातीच्या झाडांची पानंही ग्वानोच. त्यांनी घर शाकारलेलं, एवढंच. भिंती 'पाल्मा रेआल' या ताडाच्या जातीच्या झाडाच्या फळ्यांच्या, नाहीतर त्याच झाडाच्या 'यागुआ'च्या. यागुआ म्हणजे आपल्या पोफळीची विरी, पानाच्या बुडाचं खोडाला वेढणारं आवरण, पण चांगली ऐसपैस. खाली बहुतेकदा चोपलेली जमीन.

'बोईओ' हा शब्द मूळचा ताईनो लोकांचा, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. हामाका (झुला), कानोआ (होडी), उराकान (चक्रीवादळ) हेही त्यांचेच. कोलंबसाने तर १४९२च्या रोजनिशीत 'बोईओ' हे एका अख्ख्या बेटाचं नाव म्हणून लिहून ठेवलंय, म्हणजे आजचं हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक. बिचारे लोक घराबद्दल सांगत असणार!

नुसतं झोपडी लिहाल तर वाचणाऱ्याला झोपडपट्टी दिसेल. त्यासाठी स्पेनमध्ये 'चाबोला' आहे, व्हेनेझुएलातल्या काराकासला 'रांचो'. बोईओ शेतावरचं.

उंटावरचा_शहाणा: काका, फार गोडगोड झालं. १९५३ साली फिडेल कास्त्रोने कोर्टात स्वतःचा बचाव करताना 'क्यूबात दोन लाख बोईओ आणि झोपड्या आहेत' असं सांगितलं, ते काय कौतुकाने? गरिबीचा पुरावा म्हणूनच ना?

खलाशीकाका: बरोबर आहे. पण तो वकील बोलत होता, इथे घरमालक बोलतोय. ताई, आजोबांच्या तोंडी सरळ 'आमचं घर' घाला. पहिल्यांदा येईल तिथे 'ताडाच्या पानांनी शाकारलेलं' एवढं जोडा. बाहेरचा कोणी नाक मुरडून बोलत असेल तर खुशाल 'खोपटं'.

मृण्मयी_पुणे: हे जमेल. एक राहिलं. वादळात सगळे 'वारा एन तिएर्रा'मध्ये शिरले म्हणतात. जमिनीत वारा?

खलाशीकाका: अहो, वारा म्हणजे काठी, वासा! वासे दोन्ही बाजूंनी थेट जमिनीत रोवलेले, वर पानं. नुसतं छप्परच, उभ्या भिंती नाहीत, त्यामुळे वादळ वरून घसरून जातं. बोईओ उडालं तरी ते बहुधा टिकतं. एरवी त्यात अवजारं नि धान्य. तिथे 'वादळी खोप' लिहा, चालेल.